बोलावणं कसं ओळखायचं? पाचारणाच्या पारखीचा आढावा

कॅथलिक घरातल्या मुलाने ‘मला फादर व्हायचंय’ किंवा मुलीने ‘मला सिस्टर व्हायचंय’ असं सांगितलं, की घरात आनंद आणि धास्ती एकदमच शिरतात. पाठोपाठ प्रश्न येतात. हे देवाचं पाचारण आहे, की वयाची ओढ? एखाद्या आवडत्या फादरांचा प्रभाव, की घरच्या अडचणीतून सुटण्याची वाट? आणि याचा निवाडा करायचा कुणी? ज्याला वाटतं त्याने, आईवडिलांनी, पॅरिशच्या फादरांनी, की बिशपांनी?

हा प्रश्न जुना आहे आणि आजही त्याला एकच एक उत्तर नाही. त्याचा आढावा घ्यायला पुणे ही योग्य जागा आहे. नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आहे, सोबत ज्ञानदीप ही उच्च शिक्षणाची संस्था आहे, आणि भारतभरातून आलेले भावी धर्मगुरू तिथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतात. कात्रजच्या मुलाला आता स्वारगेटला मेट्रो धरून, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून थेट रामवाडीला उतरता येतं. तिथे विद्यार्थी म्हणून जावं की नाही हे ठरवायला मात्र वर्षं लागतात, आणि ती लागावीत अशीच चर्चची अपेक्षा असते.

दोन तऱ्हेच्या हाका, आणि एक वसईकर

बायबलमध्ये हाकेच्या दोन तऱ्हा दिसतात. गालील समुद्राच्या काठी येशू कोळ्यांना बोलावतो आणि ते जाळी तिथेच टाकून निघतात. लहानग्या शमुवेलाचं तसं नाही. रात्री त्याला हाक ऐकू येते, पण ती कुणाची हे त्याला कळत नाही. तो तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो. तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात येतं, की बोलावणारा देव आहे. हाक शमुवेलाला आली, ती ओळखली एलीने. पुढच्या काळातला बहुतेक वाद या दोन गोष्टींपैकी कशावर भर द्यायचा याचा आहे.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेले रामदास आपल्याला लहानपणापासून माहीत असतात. संन्यास घेऊन काशीला राहिलेले आणि पुढे गुरूच्याच आज्ञेने आळंदीला संसारात परतलेले विठ्ठलपंतही माहीत असतात. परंपरेने सांगितलेल्या या दोन कथांत एकाने आतल्या आवाजावर सगळं सोडलं, तर दुसऱ्याचा संन्यास गुरूने मागे घ्यायला लावला, कारण मागे पत्नी होती. त्या परतण्याची किंमत ज्ञानदेवादी भावंडांनी मोजली.

कॅथलिक इतिहासात महाराष्ट्राचा स्वतःचा असाच एक दाखला आहे. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या वसईत जन्मला आणि तिथेच जेझुइट संघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा तो उत्तम बोलू लागला आणि काही वर्षं धर्मशिक्षकाचं काम करत राहिला. त्याला जेझुइट संघात यायचं होतं, पण प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार धरला आणि त्यात जम बसवला. पुढे मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. 1593 साली दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 25 सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. 1862 साली चर्चने त्याला संत घोषित केलं. वसईचं महाविद्यालय आज त्याच्या नावाने ओळखलं जातं.

या आयुष्याचं वाचन दोन प्रकारांनी होतं. काही म्हणतात, नकार हाच पाचारणाचा भाग होता. जेझुइटांनी ‘नाही’ म्हटल्यामुळेच तो आपल्या खऱ्या जागी पोचला. इतरांच्या मते पारख करणारे चुकले आणि देवाने त्याला दुसऱ्या दाराने आत घेतलं. मला दुसरं वाचन जास्त पटतं. पेरो लुईस नावाचा केरळचा ब्राह्मण 1575 साली जेझुइट धर्मगुरू झाला, पण त्याच्यानंतर सुमारे दोन शतकं भारतीयांसाठी त्या संघाचं दार जवळजवळ बंदच होतं. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा माटेउस दे कास्त्रो याला गोव्यात गुरुदीक्षा मिळेना. तो थेट रोमला गेला, तिथे त्याला दीक्षा मिळाली आणि 1637 साली बिशपपदही. पुढे विजापूरकरांच्या मुलखाची जबाबदारी त्याच्याकडे आली. हे सारे पारख करणाऱ्यांच्या नजरेतले वंशभेदाचे ठसे आहेत. पारखीचा सिद्धांत कितीही शुद्ध असला तरी ती माणसांच्या हातून होते, हे आढाव्याच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवायला हवं.

1893 साली पोप तेरावे लिओ यांनी भारतीय धर्मगुरू घडवण्यासाठी श्रीलंकेत कँडीला सेमिनरी काढली. तीच 1955 साली पुण्याला आली. जुन्या नकारांना मिळालेलं हे उशिराचं, पण ठोस उत्तर होतं.

ओढ की निवड?

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये या विषयावर मोठा वाद झाला. आपल्याकडे तो फारसा माहीत नाही, पण आजचे नियम त्याच्यावर उभे आहेत. त्याआधी बरेच आध्यात्मिक मार्गदर्शक असं शिकवत, की ज्याला पाचारण आहे त्याच्या अंतःकरणात देवच एक ओढ पेरतो. ती ओढ तपासायची, आणि खरी असेल तर तो माणूस दीक्षेला पात्र. 1909 साली जोझेफ लाहितों या फ्रेंच धर्मगुरूने पुस्तक लिहून याला हरकत घेतली. धर्मगुरुपदाचं पाचारण बिशपांच्या बोलावण्यातून येतं. उमेदवाराकडे हवा शुद्ध हेतू आणि अंगी पात्रता, विशिष्ट अंतःस्फूर्तीची अट नाही, असं त्याचं म्हणणं होतं. जुन्या परंपरेच्या अभ्यासकांनी कडाडून विरोध केला. 1912 साली कार्डिनलांच्या आयोगाने निर्णय दिला आणि पोप दहावे पायस यांनी त्याला मान्यता दिली. बिशपांच्या मुक्त निवडीआधी दीक्षेवर कुणाचाही हक्क नाही, आणि आतली ओढ ही आवश्यक अट नाही, असं ठरलं. 1935 साली अकरावे पायस यांनी तीच भूमिका पुन्हा मांडली.

या निर्णयाने मोठी सुटका केली. ‘मला काहीच खास जाणवत नाही, मग मला पाचारण नसेलच’ असं मानून कुढणाऱ्या प्रामाणिक माणसांना त्याने मोकळं केलं. पण उलट शंकाही आली. ओढ बाजूला ठेवली तर पाचारण म्हणजे नुसती भरती होणार नाही का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, विशेषतः पोप दुसरे जॉन पॉल यांच्या 1992 सालच्या धर्मगुरूंच्या घडणीवरच्या पत्रात, दोन्ही बाजू एकत्र बांधण्याचा प्रयत्न झाला. आतलं बोलावणं आणि चर्चचं बोलावणं हे एकाच पाचारणाचे दोन पैलू मानले गेले.

सिद्धांतात हे जुळवणं अवघड वाटलं तरी दीक्षाविधीत ते उघड दिसतं. उमेदवाराचं नाव मोठ्याने पुकारलं जातं, तो ‘हजर आहे’ म्हणतो आणि पुढे येतो. बिशप आधी त्याला काही विचारत नाहीत. त्याला घेऊन आलेल्याला ते विचारतात, हा योग्य आहे असं तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर मिळतं, लोकांकडे चौकशी केली, जबाबदार माणसांचं मत घेतलं, तो योग्य ठरला आहे. मग बिशप निवड जाहीर करतात आणि जमलेले लोक देवाचे आभार मानतात. स्वतःच्या अंतःकरणात काय घडलं हे उमेदवार त्या क्षणी एका शब्दानेही सांगत नाही. त्याची इच्छा पुढे प्रश्नोत्तरांत येते, आणि मग तो जमिनीवर पालथा पडून राहतो, भोवती संतांची प्रार्थनामाला चालू असते.

याच चौकटीतला सर्वांत नाजूक प्रश्न स्त्रियांचा आहे. लिझ्यूच्या संत तेरेसाने आपल्याला धर्मगुरू व्हावंसं वाटतं असं लिहून ठेवलं आहे. 1994 साली दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर केलं, की स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, आणि हे मत विश्वासूंनी अंतिम मानावं. या बाजूचे लोक म्हणतात, पाचारण चर्च देतं, म्हणून आतली इच्छा कितीही खरी असली तरी तिने हक्क निर्माण होत नाही. विरोधी मत असं, की इच्छा तपासण्याचीच सोय नसेल तर त्याला पारख कसं म्हणायचं? अधिकृत उत्तर ठरलेलं आहे, ईशज्ञांमधली चर्चा थांबलेली नाही.

इग्नेशियसची रीत

एखाद्याने प्रत्यक्ष ठरवायचं कसं, याची सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून तो अंथरुणाला खिळला. शौर्यकथांची स्वप्नं रंगवताना गोड वाटे, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार केला की आनंद मागे उरत असे. हा फरक त्याने टिपून ठेवला. त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार झालं आणि 1548 साली पोपनी त्याला मान्यता दिली. पूर्ण साधना सुमारे 30 दिवसांची असते.

निर्णयाच्या तीन वेळा त्याने सांगितल्या. पहिलीत शंकेला जागाच राहत नाही. दुसरीत मनातल्या समाधानाच्या आणि खिन्नतेच्या लाटा बघत जायचं. तिसरीत मन शांत असतं आणि बुद्धीने विचार करायचा, तोही कागदावर. व्रत घेतल्यास फायदे कोणते, तोटे कोणते. न घेतल्यास फायदे कोणते, तोटे कोणते. मग एक अनोळखी माणूस समोर आणायचा, ज्याचं फक्त भलं व्हावं असं आपल्याला वाटतं. हाच प्रश्न घेऊन तो आला तर त्याला काय सांगाल? शेवटी आपलीच मरणघटका डोळ्यांसमोर आणायची आणि तेव्हा कोणता निर्णय घेतलेला आवडेल हे बघायचं. एक नियम त्याने पक्का ठेवला : मन खिन्न असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. कात्रजला अभियांत्रिकीला नापास झालेल्या आठवड्यात सेमिनरीचा अर्ज मागवणाऱ्या मुलालाही हाच नियम उलट बाजूने लागू करावा असं मला वाटतं.

या तीन वेळांचा एकमेकींशी संबंध काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कार्ल रानर यांनी 1950च्या दशकात मांडलं, की दुसरी वेळ हाच मूळ मार्ग. बुद्धीची तिसरी वेळ तिची दुबळी आवृत्ती. जूल्स टोनर यांनी नंतर सविस्तर उत्तर दिलं, की इग्नेशियसने तिसऱ्या वेळेला स्वतंत्र वजन दिलं आहे. ज्याला भावनांचे झोके फारसे येत नाहीत त्याला दुय्यम ठरवायचं का, हा त्यातला व्यवहाराचा मुद्दा.

पुण्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी 1970च्या दशकात पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. श्वासावरचं ध्यान, समुपदेशन आणि इग्नेशियसची साधना एकत्र आणून त्यांनी असंख्य मार्गदर्शक घडवले. शिबिरातल्या व्याख्यानांऐवजी एकेकाशी बोलत साधना घ्यायची रीत त्यांनी रुजवली. 1998 साली, त्यांच्या मृत्यूनंतर 11 वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल इशारा दिला. देवाचं व्यक्तिरूप आणि येशूचं एकमेवत्व त्यात पुसट होतं, असा आक्षेप होता. त्यांचे चाहते म्हणतात, ध्यानाची वाट दाखवणाऱ्या गोष्टींना सिद्धांताच्या मापाने मोजलं गेलं. दोन्ही बाजूंना आधार आहे, कारण सुरुवातीचे आणि शेवटचे डिमेलो सारखे नाहीत.

या सगळ्या रीतीला सर्वांत अवघड प्रश्न मदर तेरेसांच्या आयुष्याने विचारला आहे. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांसाठी कॉन्व्हेंट सोडण्याचं बोलावणं आलं. कोलकात्याच्या आर्चबिशपांनी त्यांना थांबवलं, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. 1948च्या ऑगस्टमध्ये त्या बाहेर पडल्या. शमुवेल आणि एली, दोघेही इथे आहेत. पण 2007 साली त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं, की काम सुरू झाल्यावर पुढची अनेक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवलीच नाही. समाधान हेच पाचारणाचं चिन्ह मानलं तर याचा अर्थ काय लावायचा? निर्णयाच्या वेळचं समाधान आणि आयुष्यभराचा अंधार या निराळ्या गोष्टी, असं मार्गदर्शक म्हणतात. मला हे उत्तर खरं वाटतं, पण पुरं वाटत नाही.

संसारही पाचारणच

1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं, की पवित्रतेचं बोलावणं प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्याला आहे. त्यानंतर पाचारण म्हणजे फक्त झगा किंवा व्रत, ही समजूत टिकू शकत नव्हती. अमेरिकन लेखक जर्मेन ग्रिसे आणि रसेल शॉ यांनी 2003 साली मांडलं, की प्रत्येकाचं व्यक्तिगत पाचारण वेगळं. लग्न, व्रत, व्यवसाय हे त्याचे तपशील. 2018च्या तरुणांवरच्या बिशपांच्या सिनडनंतर पोप फ्रान्सिस यांनी 2019च्या पत्रात जवळपास हीच दिशा धरली. काहींना मात्र भीती वाटते, की सगळंच पाचारण ठरलं तर ब्रह्मचर्याच्या व्रताचं वेगळेपण हरवेल आणि सेमिनरी ओस पडतील.

वसईचे थॉमस डाबरे, जे पुढे वसईचे आणि नंतर पुण्याचे बिशप झाले, त्यांनी डॉक्टरेटसाठी तुकारामांचा देवानुभव हा विषय घेतला. दुकान, कर्ज, दुष्काळ, मुलंबाळं सांभाळत देव शोधणारा हा देहूचा माणूस एका कॅथलिक धर्मगुरूच्या अभ्यासाचा विषय व्हावा, हे मला महत्त्वाचं वाटतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 1972 साली दीक्षा झाली. पण ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन, हरित वसईचा लढा, मराठी बायबल, आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, हे सगळं त्या दीक्षेनंतर टप्प्याटप्प्याने उलगडलं. दीक्षेच्या दिवशी पारख संपत नाही.

उणीव आहे ती लग्नाच्या बाजूला. धर्मगुरू व्हायला सात-आठ वर्षं किंवा अधिक घडण, आणि लग्नाला काही दिवसांचं विवाहपूर्व शिबिर. आपल्याकडे स्थळं बघून जुळणाऱ्या लग्नात मुलीला ‘मला हे पाचारण आहे का’ असं स्वतःला विचारायची फुरसत तरी मिळते का? आणि जे लग्नही करत नाहीत, व्रतही घेत नाहीत, त्यांच्या एकटेपणाला पाचारण म्हणायचं की फक्त परिस्थिती, यावर ईशज्ञांचं अजून जुळलेलं नाही.

मनाची तपासणी

मानसशास्त्राचा शिरकाव 1970च्या दशकात झाला. रोममध्ये लुइजी रुला आणि सहकाऱ्यांनी व्रतजीवनात येणाऱ्या आणि ते सोडणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला. उच्च आदर्शांच्या मागे नकळत दुसऱ्याच गरजा दडलेल्या असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. लैंगिक अत्याचारांची प्रकरणं जगभर उघड झाल्यावर ही तपासणी टाळता येईना. 2008 सालच्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शक सूचनांनी तज्ज्ञांची मदत घ्यायला सांगितलं, पण उमेदवाराच्या संमतीशिवाय नाही. 2016च्या नव्या नियमावलीने सेमिनरीआधी एक तयारीचा टप्पाही आवश्यक केला. चाचणीने धोका कळतो, पाचारण कळत नाही, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. आध्यात्मिक मार्गदर्शकाला सांगितलेलं गुपित आणि प्रवेश ठरवणाऱ्यांना दिलेला अहवाल यांच्यामधली भिंत किती जाड ठेवायची, यावर नाही.

आपल्याकडचे न सुटलेले प्रश्न

महाराष्ट्रात या जागतिक वादांना आपले पदर आहेत. पहिला जातीचा. अहिल्यानगर, नाशिक आणि मराठवाड्यातला मराठी कॅथलिक समाज मोठ्या प्रमाणावर दलितांमधून आलेला आहे. भारतीय बिशपांच्या परिषदेने 2016 साली दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करून चर्चमधला जातिभेद मान्य केला. तरी पात्रता ठरवताना घराण्याचं वळण, शहरी रीतभात अशा मोघम शब्दांआड जात येऊ शकते, आणि म्हणून निकष लेखी आणि उघड असावेत, असं मला वाटतं. दुसरा पदर भाषेचा. उच्च शिक्षण इंग्रजीत होतं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला स्वतःच्या मनातलं परक्या भाषेत सांगावं लागतं, आणि पारख तर सगळी त्या सांगण्यावरच चालते.

तिसरा प्रश्न वयाचा. दहावी-बारावीनंतर मुलांना आत घ्यावं की नोकरी, जग बघून मग? लवकर घेण्याच्या बाजूचे म्हणतात, त्या वयात मन मोकळं असतं आणि घडण खोल होते. उशिराच्या बाजूचे म्हणतात, काय सोडतोय हेच ज्याला माहीत नाही त्याचा त्याग अपुरा. चर्चचा कायदा मध्ये उभा आहे : नॉव्हिशिएटला, म्हणजे संघातल्या पहिल्या तयारीच्या टप्प्याला, किमान 17 वर्षं, कायमच्या व्रताला 21, गुरुदीक्षेला 25.

चौथा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. तो परतण्याचा आहे. सेमिनरीतून घरी आलेल्या ‘ब्रदर’कडे पॅरिशमध्ये अजून ‘सोडून आला’ अशाच नजरेने बघितलं जातं. कॉन्व्हेंटमधून परतलेल्या मुलीचं लग्न जमवताना ती गोष्ट दडवली जाते. परतीची एवढी किंमत असेल तर आत राहणं हा मुक्त निर्णय उरत नाही, आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथल्या ‘हो’ची परीक्षा करता येत नाही. पत्रकार कामिल पारखे यांनी आपण जेझुइट होण्यासाठी गोव्याला गेलो होतो आणि तिथून पत्रकारितेत आलो, हे मोकळेपणाने लिहिलं आहे. असं लिहिणारे आपल्याकडे थोडे आहेत.

चर्चच्या कायद्याची बाजू इथे स्पष्ट आहे. आयुष्याची दिशा निवडताना कुणावरही सक्ती होता कामा नये. दीक्षेसाठी कुणाला कोणत्याही कारणाने, कोणत्याही मार्गाने भाग पाडणं निषिद्ध आहे. आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की ज्याला निघायचं त्याला निघता येतं, कारण विचारलं जात नाही. जे निघाले, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, आणि 1903 पासून चालत आलेल्या ‘निरोप्या’सारख्या आपल्या मासिकांनी ते, नाव हवं तर न छापता, प्रसिद्ध करावेत.